वसमत तालुक्यातील बालसंगोपन: सुकडीपासून महासाथीनंतरच्या अंगणवाडीपर्यंत

वसमत हे आज हिंगोली जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आहे. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झाला असला, तरी वसमत परगण्याचा सामाजिक इतिहास हा निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा, १९४८ नंतर भारतीय संघराज्यातील हैदराबाद राज्याचा आणि १९५६ नंतर मराठी मुलखाशी जोडल्या गेलेल्या मराठवाड्याचा इतिहास आहे. या इतिहासात जमीनमहसूल, रझाकारांचा काळ, कालवे, साखर कारखाना आणि हळदीचा बाजार यांची नोंद कोठे ना कोठे झालेली आढळते. परंतु शेतात राबणाऱ्या बाईच्या मागे राहिलेल्या लहान मुलाचे दिवसभर काय होत असे, हा प्रश्न फार उशिरा आणि प्रत्येक वेळी एखाद्या संकटाच्या निमित्तानेच सार्वजनिक झाला. २०२० साली कोरोनाच्या महासाथीत अंगणवाड्या बंद झाल्या आणि पुढे त्या पुन्हा सुरू करण्यासाठी कोणती साधने लागतील याची चर्चा झाली, ती याच साखळीतील अलीकडची कडी होय. ही साखळी मागे नेऊन पाहिली असता एक क्रम स्पष्ट दिसतो: शासनाकडून आधी धान्य आले, त्यामागून मुलासाठीची व्यवस्था आली, आणि मूल सांभाळणाऱ्या बाईचा विचार सर्वांत शेवटी झाला.

संस्थानी काळात खेड्यातील बालसंगोपन ही पूर्णतः घराची जबाबदारी होती. तान्हे मूल बांधावरच्या बाभळीला किंवा लिंबाला बांधलेल्या झोळीत असे, रांगते मूल आजीजवळ आणि चालते मूल मोठ्या बहिणीच्या कडेवर असे. या व्यवस्थेची किंमत मोठ्या बहिणीने शाळा सोडून मोजली, कारण भावंड सांभाळण्याचे काम ज्या मुलीवर पडे तिचे नाव पटावर राहणे कठीणच होते. विसाव्या शतकाच्या आरंभी प्लेगच्या साथी आल्या, तेव्हा दख्खनच्या इतर भागांप्रमाणे मराठवाड्यातही लोक गावठाण सोडून शेतात झोपड्या घालून राहत. साथ ओसरेपर्यंतचा तो मुक्काम सक्तीचा असला तरी त्यात मूल आईच्या नजरेसमोर असे. १८९७ चा साथरोग प्रतिबंधक कायदा ब्रिटिश मुलखात मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या पार्श्वभूमीवर झाला आणि बरोबर १२३ वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, महाराष्ट्र शासनाने त्याच कायद्याचा आधार घेऊन कोरोनाविषयीचे आदेश काढले. या दीर्घ काळात कायदा तोच राहिला. मात्र मधल्या काळात खेड्यातील मुलासाठी एक सार्वजनिक जागा उभी राहिली होती, आणि बंद करण्याजोगे असे काही गावात आहे, हीच २०२० मधील नवी गोष्ट होती.

ही जागा उभी राहण्यामागे जे विचार होते, त्यांचा उगम मराठवाड्यापासून दूर घडला. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगर येथे बालमंदिर सुरू केले, त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी त्यांच्यासमवेत १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली आणि १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग आरंभिला. या प्रयोगात अनुताई वाघ सामील झाल्या आणि १९५७ च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावले. बालवाडी उघडूनही वारली मुले तेथपर्यंत येत नाहीत, असे दिसून आल्यावर या दोघींनी बालवाडीच पाड्यावर, लोकांच्या अंगणात नेली. मुलांना आंघोळ घालणे, खाऊ देणे, गाणी, मातीकाम आणि पाने-बिया-शिंपले यांच्या साहाय्याने मोजणी शिकवणे, असा तिचा साधा क्रम होता. महागडी माँटेसरी साधने परवडत नाहीत म्हणून थांबून न राहता परिसरातील वस्तूंतून साधने घडवायची, हा कोसबाडी शहाणपणा पुढे शासकीय योजनेच्या नावात उतरला, मात्र तिच्या अंदाजपत्रकात तो पुरता उतरला असे म्हणता येत नाही.

मराठवाड्यातील खेड्यांपर्यंत बालवाडी पोहोचली ती मुख्यतः दोन वाटांनी. १९५२ साली सुरू झालेल्या सामूहिक विकास कार्यक्रमातून ग्रामसेविका आणि महिला मंडळे आली, तर दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली १९५३ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या प्रकल्पांतून बालवाडीसाठी अनुदाने मिळू लागली. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यानंतर या कामास एक स्थानिक चौकट लाभली. तथापि अशा बालवाड्या महिला मंडळाच्या उत्साहावर चालत आणि मंडळ निजले की त्याही निजत. शेतमजूर बाईच्या दिवसभराच्या कामाशी त्यांचा मेळ क्वचितच बसे.

हा मेळ प्रथम घालावा लागला तो दुष्काळाने. १९७० ते १९७३ या सलग अवर्षणाच्या वर्षांत, विशेषतः १९७२-७३ मध्ये, मराठवाडा होरपळून निघाला आणि मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या जवळ पोहोचली. खडी फोडणे, पाझर तलाव, नालाबांध आणि रस्ते या कामांवर स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या, आणि त्या मुलांना घरी ठेवून येऊ शकत नव्हत्या, कारण घरी ठेवावे असे अन्नच घरात नव्हते. त्यामुळे खडीच्या ढिगाऱ्याशेजारी मुलांचा तळ पडला. सुकडी, म्हणजे पीठ, तेल व गूळ यांपासून केलेला कोरडा पौष्टिक खाऊ, कामाच्या ठिकाणी वाटला जाऊ लागला. मराठवाड्यातील वयस्क माणसांच्या बोलण्यात सुकडी आणि अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी यांचा उल्लेख आजही एकाच श्वासात होतो. बालसंगोपनाच्या दृष्टीने या सुकडीचे महत्त्व तिच्या उष्मांकांपुरते नाही. मूल मोजले गेले, त्याच्या नावाची रांग लागली आणि आईच्या मजुरीबरोबर मुलाचे पोट हीदेखील शासनाची बाब ठरली, असे या मुलखात मोठ्या प्रमाणावर प्रथम त्याच वेळी घडले.

दुष्काळी कामांच्या या अनुभवातून, वि. स. पागे यांच्या पुढाकाराने, रोजगार हमी योजना आकारास आली. तिचा कायदा १९७७ चा असून तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. कामाच्या जागी पिण्याचे पाणी, सावली आणि प्रथमोपचार यांच्याबरोबर लहान मुलांना सांभाळण्याची सोय असावी, हे तत्त्व या योजनेने स्वीकारले. पुढे २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यानेही सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले कामावर आली असतील तर त्यांना सांभाळण्यासाठी मजूर स्त्रियांपैकी एकीला नेमावे आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी, अशी तरतूद केली. मूल सांभाळणे हे मातीकामाइतकेच मजुरीस पात्र काम आहे, असे इतक्या स्पष्टपणे सांगणारी दुसरी तरतूद आपल्याकडे शोधावी लागते. म्हणूनच प्रत्यक्षात ती क्वचित पाळली जावी, याचे दुःख अधिक वाटते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि टप्प्याटप्प्याने ती सर्व ग्रामीण तालुक्यांत पसरली. सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकांना पूरक आहार, तीन ते सहा वर्षांच्या बालकांना पूर्वप्राथमिक शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी, आजारी बालकांना दवाखान्याकडे पाठवणे आणि मातांना आहार-आरोग्याचे शिक्षण, या सहा सेवा एका छताखाली देणारे केंद्र म्हणजे अंगणवाडी. तिची सेविका व मदतनीस त्याच गावच्या रहिवासी असतात. त्यांच्या कामावर देखरेख करणारी पर्यवेक्षिका आणि तालुक्याच्या पातळीवरील बालविकास प्रकल्प अधिकारी हे शासकीय नोकर होत, तर सेविका व मदतनीस या मानसेवी, म्हणजे पगाराऐवजी मानधनावर काम करणाऱ्या ठरवल्या गेल्या. या एका भेदाने पुढील अर्धशतकाचा संघर्ष पेरला.

योजनेचे रूपांतर हक्कात झाले ते न्यायालयामुळे. अन्नाच्या अधिकाराविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी प्रत्येक वस्तीत अंगणवाडी असावी आणि वर्षातील ३०० दिवस पूरक आहार मिळावा असे आदेश दिले, २००४ मध्ये या आहाराच्या पुरवठ्यात ठेकेदार नकोत असे बजावले आणि १३ डिसेंबर २००६ रोजी देशभरात १४ लाख अंगणवाड्या उभारण्यास सांगितले. सहा वर्षांखालील ४० मुले असलेल्या वस्तीला मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी मिळावी, हेही त्याच आदेशात होते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने बालकाला दररोज ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, तर कुपोषित बालकाला ८०० उष्मांक आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिने देणे बंधनकारक केले. दरम्यान २००५ मध्ये औरंगाबाद येथे मुख्यालय असलेले राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन झाले. त्या काळात बालकांचे नियमित वजन घेऊन ते खरे लिहिण्यावर भर दिला गेला. राज्यातील दोन वर्षांखालील मुलांमधील खुरटेपणाचे, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असण्याचे, प्रमाण २००५-०६ मधील ३९ टक्क्यांवरून २०१२ च्या सर्वेक्षणात २३ टक्क्यांच्या आसपास आले. वजनकाटा आणि वजनाची वही ही किती मोलाची साधने आहेत हे या घटीतून दिसते, आणि महासाथीत नेमकी हीच साधने सर्वांत आधी थांबली.

वसमत तालुक्याच्या शेतीची घडी लक्षात घेतल्याखेरीज अंगणवाडीचे येथील स्थान कळत नाही. येलदरी व सिद्धेश्वर ही पूर्णा प्रकल्पाची धरणे १९६८ मध्ये पूर्ण झाली आणि त्यांच्या कालव्याने या भागात ऊस, केळी व हळद यांना बळ दिले. बसमतनगरचा, म्हणजे वसमतचाच, पूर्णा सहकारी साखर कारखाना हे उसाचे केंद्र ठरले, तर वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी जोडलेल्या उत्पादनाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, लाभले. हळद हे स्त्रियांच्या हातांवर उभे असलेले पीक आहे. मे-जूनमध्ये लागवड, पावसाळ्यात निंदणी, आणि जानेवारीपासून मार्च-एप्रिलपर्यंत काढणी, कंदांची मोडणी, जेठे गड्डे व हळकुंडे वेगळी करणे, शिजवणे, वाळवणे आणि पॉलिश, अशी ही कामे चालतात. त्यांतील मोडणी-वेचणीची कामे बहुधा बायकांकडे असतात आणि ती सकाळपासून दिवस मावळेपर्यंत सुरू राहतात. कुरुंदा, गिरगाव, हट्टा, हयातनगर अशा गावांतील मजूर बाईचा दिवस आठ-दहा तासांचा, तर अंगणवाडीची वेळ दिवसातील काही तासांपुरती. आणि तीन वर्षांखालील मूल तर अंगणवाडीत बसवलेच जात नाही, त्याच्या वाट्याला घरी नेण्याचा आहार तेवढा येतो. अंगणवाडी हे पाळणाघर नव्हे, ही गोष्ट शासकीय परिपत्रकांत स्पष्ट होती, पण बाईच्या गरजेत ती कधीच स्पष्ट नव्हती. पाळणाघरांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय योजना असली तरी ग्रामीण मराठवाड्यात ती पातळच राहिली. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची अडचण आणखी निराळी होती: त्यांची मुले ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गावच्या पटावरून उठत आणि कारखान्याच्या तळावरील अंगणवाडीच्या पटावर त्यांचे नाव लागेलच असे नसे.

अशा स्थितीत मार्च २०२० उजाडला. ९ मार्चला पुण्यात राज्यातील पहिले रुग्ण आढळले, मार्चच्या मध्यास शाळा-अंगणवाड्यांत मुलांचे येणे थांबले आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. वसमतच्या दृष्टीने हा काळ हळदीच्या हंगामाचा होता. पीक काढून शिजवण्याच्या टप्प्यावर असताना मजुरी, वाहतूक आणि बाजार एकदम अडखळले, आणि त्याच आठवड्यांत मुलाला दुपारचा गरम घास देणारी जागाही बंद झाली. एप्रिलमध्ये हिंगोली जिल्ह्याचे नाव राज्यभर घेतले गेले ते मालेगाव व मुंबईच्या बंदोबस्तावरून परतलेल्या राज्य राखीव पोलीस दलाच्या जवानांना झालेल्या संसर्गामुळे. त्यानंतर जिल्ह्यातील वावर अधिकच आखडला. एप्रिलच्या मध्यास राज्य शासनाने कारखान्यांच्या तळांवर अडकलेल्या सव्वा लाखाहून अधिक ऊसतोड कामगारांना गावी परतण्याची मुभा दिली आणि मे महिन्यात पुण्या-मुंबईकडील माणसे मिळेल त्या मार्गाने गावाकडे येऊ लागली. गावोगाव जिल्हा परिषदेच्या शाळा विलगीकरणासाठी, म्हणजे बाहेरून आलेल्यांना काही दिवस वेगळे ठेवण्यासाठी, वापरल्या गेल्या. अनेक अंगणवाड्या याच शाळांच्या आवारात असल्याने मुलांची जागा मोठ्यांच्या मुक्कामाने व्यापली गेली.

सर्वोच्च न्यायालयाने १८ मार्च २०२० रोजीच शाळा व अंगणवाड्यांतील आहार बंद पडण्याच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली होती. महाराष्ट्रात गरम ताज्या आहाराऐवजी कोरडा शिधा घरपोच देण्याचे ठरले. या शिध्यात गहू, तांदूळ, डाळ, तेल, मीठ, तिखट आणि हळद यांचा समावेश होता. शिधा पोहोचवण्याचे काम सेविका व मदतनीस यांच्याकडे आले. तथापि मुलाच्या नावाचा शिधा घरात आला की तो घराचा शिधा होतो, हे कोणत्याही गरीब घरात अटळ आहे, आणि ज्या घरातील मजुरी बुडाली होती तेथे मुलाचा वाटा वेगळा काढून ठेवणे कोणालाच शक्य नव्हते. त्यात गैर काही नाही; पण गरम जेवण आणि शिधा यांची बरोबरी मानणारा हिशेब कागदावरच जुळतो.

याच काळात सेविकेच्या कामाचे स्वरूप पालटले. बाहेरून आलेल्यांची यादी करणे, ताप-खोकल्याची चौकशी करणे, आशा कार्यकर्तीसह घरोघर जाणे, १५ सप्टेंबर २०२० पासून सुरू झालेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या सर्वेक्षणात तापमान आणि रक्तातील प्राणवायूचे प्रमाण पाहणे, ही कामे तिच्या नेहमीच्या गृहभेटींच्या आधारावर उभी राहिली. या कामी लागणारा अवरक्त तापमापक आणि बोटाला लावायचे ऑक्सिमीटर ही यंत्रे नवी होती. पण कोणत्या घरात गरोदर बाई आहे, कोणाचे मूल अशक्त आहे, कोणते कुटुंब रात्रीतून परत आले आहे, हे ज्ञान जुने होते आणि ते कोणत्याही दप्तरापेक्षा तिच्याजवळच अधिक होते. महासाथीत अंगणवाडीची इमारत बंद आणि अंगणवाडी चालू, अशी जी अवस्था झाली ती कोसबाडच्या मूळ कल्पनेला जवळची होती, फरक इतकाच की ताराबाई व अनुताई अंगणात गेल्या त्या मुलांना शिकवण्यासाठी, आणि २०२० मधील सेविकेला अंगणात जावे लागले ते मुख्यतः नोंदी करण्यासाठी.

पुन्हा सुरू होण्याचा प्रश्न २०२० च्या अखेरीस पुढे आला. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने ११ नोव्हेंबर २०२० रोजी, प्रतिबंधित क्षेत्राबाहेरील अंगणवाड्या उघडण्याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. दीपिका जगतराम सहानी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात १३ जानेवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ज्या राज्यांत अंगणवाड्या अद्याप बंद आहेत त्यांनी प्रतिबंधित क्षेत्राबाहेर त्या ३१ जानेवारीपर्यंत उघडण्याविषयी निर्णय घ्यावा, असे सांगितले. तीनच दिवसांनी, १६ जानेवारीस, देशभर लसीकरण सुरू झाले आणि आरोग्य कर्मचाऱ्यांबरोबर अंगणवाडी सेविकांना पहिल्याच टप्प्यात स्थान मिळाले. पुनरारंभासाठी दिलेल्या सर्व साधनांत हे सर्वांत योग्य वेळी आलेले साधन होते, असे म्हटले पाहिजे. परंतु साथीने न्यायालयाची तारीख मानली नाही. फेब्रुवारीपासून विदर्भ-मराठवाड्यात रुग्ण पुन्हा वाढले, हिंगोली जिल्ह्यात १ ते ७ मार्च २०२१ या काळात संचारबंदी लागू झाली आणि एप्रिलमध्ये राज्यभर कडक निर्बंध आले. राज्यातील शाळांचे दरवाजे ४ ऑक्टोबर २०२१ रोजी ग्रामीण भागात पाचवीपासून पुढच्या वर्गांसाठी उघडले. पूर्वप्राथमिक वर्गांना स्थानिक परिस्थिती पाहून मुभा मिळाली ती, तिसऱ्या लाटेचा भर ओसरू लागल्यावर, २४ जानेवारी २०२२ रोजी. सर्वांत लहान मुलांना अशा रीतीने सर्वांत शेवटी जागा मिळाली.

जगात अन्यत्र हा क्रम उलटाही होता. डेन्मार्कने १५ एप्रिल २०२० रोजी, म्हणजे टाळेबंदीनंतर अवघ्या महिनाभरात, प्रथम पाळणाघरे आणि लहान मुलांच्या शाळा उघडल्या, कारण मुले घरी असताना आईबाप कामावर जाऊ शकत नाहीत, हे तेथे धोरणाचे गृहीतक होते. मुलांचे लहान गट करून त्यांना शक्य तितका वेळ उघड्यावर ठेवणे हा त्यांचा मुख्य उपाय होता. अमेरिकेत बालसंगोपन प्रामुख्याने खाजगी असल्याने तेथे प्रश्न केंद्रे बुडण्याचा होता. म्हणून मार्च २०२० च्या मदत कायद्यात बालसंगोपनासाठी साडेतीन अब्ज डॉलर आणि मार्च २०२१ च्या कायद्यात केंद्रे टिकवण्यासाठी सुमारे २४ अब्ज डॉलर राखले गेले. या पैशातून भाडे, स्वच्छतेची सामग्री आणि मुख्यतः काळजीवाहकांचा पगार देता येत होता. वसमतच्या अंगणवाडीजवळ अंगण होते, कडुलिंबाची सावली होती, वीस-पंचवीस मुलांचा पट होता आणि प्रत्येक घर ओळखणारी बाई होती. डेन्मार्कला जे मुद्दाम घडवावे लागले त्यातील बरेच येथे आधीच होते. उणीव होती ती नळाच्या पाण्याची, दुसऱ्या खोलीची, चालू वजनकाट्याची आणि हाती वेळेवर पडणाऱ्या पैशाची.

साधनांच्या या उणिवेत एक नवे साधन सक्तीने आले, ते भ्रमणध्वनीचे. १ मार्च २०२१ पासून पोषण ट्रॅकर हे केंद्राचे उपयोजन, म्हणजे मोबाइलवर मुलांची हजेरी, वजन-उंची आणि आहारवाटप नोंदवण्याची प्रणाली, सुरू झाले. महाराष्ट्रातील सेविकांजवळ शासनाने पूर्वी दिलेले फोन जुने व कमी क्षमतेचे होते, आणि प्रणालीची भाषा मराठी नव्हती. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातील अनेक जिल्ह्यांत सेविकांनी हे फोन शासनाला परत केले. या घटनेकडे तंत्रज्ञानाला झालेला विरोध म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल. ज्या स्त्रियांनी वर्षभर साथीची नोंद कागदावर आणि फोनवर ठेवली होती, त्यांची मागणी चालणाऱ्या यंत्राची आणि कळणाऱ्या भाषेची होती.

बंदच्या काळातील हानी मोजणे सोपे नाही, कारण मोजण्याचीच साधने थांबली होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतील महाराष्ट्राचे क्षेत्रकार्य २०१९ मध्येच पूर्ण झाले होते. त्यात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले खुरटलेली, २५.६ टक्के उंचीच्या मानाने कृश आणि ३६.१ टक्के कमी वजनाची आढळली होती. म्हणजे महासाथ आली ती आधीच अशक्त असलेल्या पिढीवर. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर बालक तीव्र कुपोषित समजावे, ही साध्या फितीने करता येणारी पारख. पण तिच्यासाठी मुलाच्या दंडाला हात लावावा लागतो, आणि नेमका तोच साथीत वर्ज्य होता. शिक्षणाच्या बाबतीतही असेच झाले. अडीच-तीन वर्षांचे जे मूल मार्च २०२० मध्ये अंगणवाडीच्या उंबऱ्याशी होते, ते जानेवारी २०२२ मध्ये पहिलीच्या वाटेवर होते, आणि मधली वर्षे त्याने गाणी, गोष्टी व सोबती यांवाचून काढली. २९ जुलै २०२० रोजी मंजूर झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हे वय शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानले, तेव्हा त्या टप्प्यातील मुले घरात कोंडलेली होती. वसमतसारख्या गावांतील खाजगी बालवर्गांची स्थिती त्याहून नाजूक होती: शिक्षणहक्क कायदा सहा वर्षांपासून पुढे लागू होतो, त्यामुळे या वर्गांना ना अनुदान होते ना पट टिकवण्याचे संरक्षण, आणि शुल्क थांबले की शिक्षिकेचे वेतनही थांबत होते.

अखेरचा भाग मानधनाचा. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राने सेविकेच्या मानधनातील मूळ रक्कम ३,००० रुपयांवरून ४,५०० आणि मदतनिसाची १,५०० वरून २,२५० रुपये केली होती. राज्य त्यात आपली भर घालत असले तरी महासाथीत घरोघर फिरलेल्या स्त्रीचे उत्पन्न अनेक ठिकाणी शेतमजुरीच्याच पातळीवर राहिले. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील एका खटल्यात, मणिबेन मगनभाई भारिया यांच्या प्रकरणी, अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना १९७२ च्या उपदान कायद्यानुसार उपदान, म्हणजे दीर्घ सेवेबद्दल निवृत्तीच्या वेळी मिळणारी एकरकमी रक्कम, मिळण्याचा हक्क आहे असा निर्णय दिला. ज्या कामाला शासन अर्धशतक सेवाभाव म्हणत आले त्याला न्यायालयाने नोकरीच्या जवळ आणून ठेवले, म्हणून हा निर्णय बालसंगोपनाच्या इतिहासात २००१ च्या आदेशाइतकाच मोलाचा मानावा लागेल.

त्याच उपदानाच्या, निवृत्तिवेतनाच्या आणि मानधनवाढीच्या मागण्यांसाठी महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविका व मदतनीस ४ डिसेंबर २०२३ पासून संपावर गेल्या, आणि साथीनंतर कष्टाने उघडलेल्या अंगणवाड्यांना जानेवारी २०२४ च्या अखेरीपर्यंत पुन्हा कुलूप राहिले. महासाथीसाठी मुखपट्ट्या, जंतुनाशक आणि तापमापक यांची तजवीज झाली होती; ज्या हातांनी ती साधने वापरली त्यांच्या म्हातारपणाची तजवीज तोवर झालेली नव्हती.